नवस फिरवायचा राहिला

जत्रांमधून मी देवळाच्या पायऱ्यांखाली उभा राहतो आणि बोकड घेऊन येणाऱ्याला एकच विचारतो, नवस बोललेलं माणूस कुठं आहे? कोणी सांगतं, म्हातारी घरी आहे, गुडघे चालत नाहीत. कोणी सांगतं, वारली. एकदा एकानं मला विचारलं, "तुला काय करायचंय रं म्हाताऱ्या, तू काय देवीचा तलाठी हायस?" आजूबाजूचे हसले. मीही हसलो. त्याचं काही चुकलं नव्हतं. दोन वर्षांमागं मला कोणी असं अडवलं असतं तर मी याहून वाईट बोललो असतो, आणि दुपारी त्याच बोकडाच्या पंगतीला मांडी घालून बसलो असतो.

मटण मी जन्मभर खाल्लं. आवडीनं खाल्लं. जनावराचं दुःख वगैरे कधी डोक्यात आलं नाही. बैलाला पराणी टोचली, म्हशीला दाव्यानं मारलं, कुत्र्याला दगड घातला. आमच्यात सगळेच तसे. कोणी दुष्ट नव्हतं, कोणी तसा विचारच करत नव्हतं. शाळा माझी चौथीत सुटली, त्यात जनावरावरचा धडा एकच होता, गाय आपल्याला काय काय देते तो.

आमचं गाव विट्याच्या वरच्या अंगाला. पाऊस कमी आणि नवस जास्त. अलीकडं कॅनॉलचं पाणी आलं, थोडा ऊस झाला, तरी घरटी एक माणूस अजून गलाईच्या धंद्यात, सोनं आटवायला लांब कुठंतरी. माझा मुलगा कोइमतूरला आहे. गावात आम्ही दोघंच, मी आणि ही. एक म्हैस, थोडी जमीन, शेजारी थोरल्या भावाचं घर.

एका पावसाळ्यात माझ्या छातीत कळ आली. मिरजेला नेलं, तिथं बरेच दिवस ठेवलं. इकडं हिनं देवीसमोर पदर पसरला आणि बोलून आली, की माणूस आपल्या पायानं दारात आला तर बोकड देईन. मी पायानंच आलो. आल्यावर तिनं बाजारातून करडू आणलं, देवीचा भंडारा त्याच्या कपाळाला लावला आणि ते देवीच्या नावानं सोडलं. म्हणजे ते आता आमचं नाही, आम्ही नुसतं सांभाळायचं. वाढलं की चैत्रात जत्रेला न्यायचं.

तरुणपणी मी माधवनगरच्या कापड मिलमध्ये बदलीवर होतो. कायमचा कामगार आला नाही की त्याच्या मागावर बदलीवाल्याला उभं करायचे. मी हिला गमतीनं म्हणालो, ह्यो माझा बदलीवाला. देवीनं मला बोलावलं, तू ह्याला पाठवतीस. तिला ती गंमत आवडली नाही. पण तो शब्द तिच्या मनात राहिला असणार, कारण त्या दिवसापासून ती त्या करडाकडं जरा वेगळंच बघायला लागली.

त्याला तिनं नाव ठेवलं नाही. देवीच्या जनावराला नाव ठेवू नये असं तिचंच म्हणणं. नुसतं "ये रं" म्हणायची आणि ते यायचं. माझ्या बाजेवर चढून बसायचं. मी हाकललं की मला ढुशी द्यायचं आणि ही पदर तोंडाला लावून हसायची. शेतात गेली की मागं, विहिरीवर गेली की मागं. भाकरी थापताना चुलीपुढं बसून राहायचं. भावकीतल्या बायका तिला चिडवायच्या, की सून परदेशी आणि सासूला लेकरू झालं.

मग एकदा आमच्याकडं पाव्हणे आले आणि मटण केलं. हिनं सगळ्यांना वाढलं आणि स्वतः ताकभाकरी खाल्ली. मी विचारलं, उपास का? म्हणाली, "न्हाई. भाईर त्यो बसलाय, आन मी आत त्याच्याच जातीचं खाऊ व्हय?" मी म्हणालो, त्याला काय कळतंय. ती म्हणाली, मला कळतंय की. त्यानंतर तिनं मटण सोडलं. मला करून घालायची, चव मात्र घेऊन बघायची नाही, त्यामुळं मीठ कमीजास्त व्हायचं आणि मी कुरकुर करायचो.

सांगलीच्या बाईंची गाठ तिला तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात पडली. बोकडानं ओली मका खाऊन पोट फुगवून घेतलं होतं, म्हणून त्याला रिक्षात घालून ही तिथं घेऊन गेली. बाई एका गाडीखाली आलेल्या कुत्र्याला घेऊन आलेल्या. शिवणाच्या शिक्षिका होत्या, आता निवृत्त, राहायला सांगलीजवळ, माधवनगरलाच. त्यांची पाचसहा माणसांची टोळी होती. उसाच्या हंगामात कारखान्याच्या रस्त्यावर बैलांना पाणी पाजायची, जुवानं खांद्यावर पडलेल्या घट्ट्यांना मलम लावायची. जत्रांमधून फिरून लोकांना सांगायची, की बोकडाऐवजी नारळ द्या, पुरणपोळी द्या.

बाई आमच्या घरी आल्या तेव्हा हिनं चहा टाकला. बाई म्हणाल्या, मला बिनदुधाचा. ही गोंधळली. दूध नासलं नाही, ताजं आहे, आत्ताच काढलंय, असं सांगायला लागली. बाई म्हणाल्या, तसं नाही, ते रेडकाचं आहे म्हणून मी घेत नाही. मी बाहेरून ऐकत होतो. मी मोठ्यानं म्हणालो, "मग आमी काय रेडकाच्या पंगतीत चोर का?" बाई हसल्या आणि म्हणाल्या, चोर नाही, पण वाटेकरी मोठे झालात. मला राग आला होता. तरी ती बाई पुन्हा आली तेव्हा मीच कपबशी पुढं केली आणि सांगितलं, घ्या, काळा हाय.

बाईंनी हिला सांगितलं, की नवस फिरवता येतो, देवीचं काही म्हणणं नसतं, गुरवाला विचारा. ही विचारून आली. आमचा गुरव माझ्याच वयाचा, सरळ माणूस. त्यानं सांगितलं, फिरवता येतो. पूर्वी लोकांनी फिरवलाय. पण ज्या तोंडानं बोलला त्याच तोंडानं फिरवायचा, दुसऱ्यानं तिच्या वतीनं बोलून चालत नाही. आणि तो फिरवायचा पालखीच्या दिवशी, भावकीतली पाच माणसं समोर ठेवून, म्हणजे पुढं कोणी म्हणायला नको की देवीला फसवलं.

पालखीला तेव्हा दोन महिने होते. तिनं ओटीचं खण-नारळ आणून ठेवलं. मला म्हणाली, "आवं, आत्ताच कुणाला बोलू नगा. भावकीत गलका हुईल. त्या दिशी मी बोलंन." मी बरं म्हणालो. मनातून मला ते काही पटलं नव्हतं, पण तिचा नवस होता, तिचं तोंड होतं. मी मध्ये पडणार नव्हतो.

होळीच्या आधी एका सकाळी ती गोठ्यात पडली. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. सांगलीला नेलं. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला, बोलणं कदाचित हळूहळू येईल, सांगता येत नाही. तिला घरी आणली तेव्हा तोंडातून नुसता घशातला आवाज यायचा. आठदहा दिवसांनी एक शब्द आला. "व्हय."

घरात सगळ्यांना केवढा आनंद झाला. मुलगा कोइमतूरहून आलेला, सूनही आलेली. सुनेला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी दिवस गेले होते. तिनं विचारलं, आई, चहा देऊ? ही म्हणाली, व्हय. पाय दुखतोय का? व्हय. मुलगा रडायला लागला, आई बोलायला लागली म्हणून. भाऊ येऊन म्हणाला, बघ, देवीनं तोंड उघडलं.

मी रात्रंदिवस तिच्याजवळ असायचो, म्हणून मला कळलं. तिला शब्द एकच आला होता. हवं असलं तरी व्हय आणि नको असलं तरी व्हय. पंखा लावू का, व्हय. बंद करू का, व्हय. पोटभर जेवल्यावर अजून भात देऊ का म्हटलं तरी व्हय म्हणायची आणि डावा हात ताटावर आडवा धरायची. खरं उत्तर हातात आणि डोळ्यात असायचं. हे मी मुलाला सांगितलंही. तो म्हणाला, "आबा, सुरवात झालीया. एक आलाय, आता धा येतील." त्याला तसंच वाटायला हवं होतं. मी पुढं बोललो नाही.

मग भावानं बोलायला सुरुवात केली, की नवस थकलाय. देवीनं तुझा माणूस परत दिला, तू अजून बोकड खेळवत बसलीस, म्हणून हे झालं. सुनेच्या पोटात पोर आहे, आता जास्त दिवस ठेवू नका. त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. तो तिच्या उशाशी बसून रडलेला माणूस. मुलाच्या मनात ते बसलं. बोकड दिला की आई पुरी बोलेल, असं त्यानं धरलं. सूनही पोटावर हात ठेवून ऐकायची.

आणि मी? मला ठाऊक होतं तिला काय करायचं होतं. घरात तिनं फक्त मलाच सांगितलं होतं. कपाटात खण आणि नारळ तिनं ठेवलेले तसेच होते. मी बोलायचं म्हणून दोनतीनदा उठलो. पण माझ्याही मनात एक किडा शिरला होता, तो मी कोणाला दाखवला नाही. मला वाटत होतं, समजा खरं असलं तर? समजा बोकड गेला आणि ही मला "आवं" म्हणाली तर? जनावराचा जीव आणि हिचं बोलणं, असं मी मनात तराजूला लावलं. हिला ते कळलं असतं तर हिनं मला घराबाहेर काढलं असतं.

पालखीच्या दिवशी तिला खुर्चीत बसवून चौघांनी देवळापुढच्या मंडपात नेलं. बोकडाला आंघोळ घालून, हार घालून आणलेला. तो तिला बघून ओढ घ्यायला लागला, तेव्हा भावानं दावं तिच्या खुर्चीला बांधलं. मग तो शांत झाला आणि तिच्या डाव्या हाताखाली डोकं घालून उभा राहिला. ती त्याच्या कानामागं खाजवत राहिली.

गुरव पुढं आला. त्याला आठवण होती की ही विचारायला आली होती. त्यामुळं त्यानं सगळं रीतीनं केलं. भावकीतली पाच माणसं बसवली. तिच्यापुढं वाकला आणि म्हणाला, "वैनी, नवस बोलल्याप्रमाणं द्यायचा का?"

"व्हय," ती म्हणाली.

म्हणाली आणि डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आपटला. पुन्हा आपटला. बांगड्या वाजल्या. भाऊ म्हणाला, बघा, घाई झालीया तिला. लोक बरं वाटून हसले. तिनं माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात काय होतं ते मला लिहिता येत नाही, येत असतं तरी लिहिलं नसतं.

गुरवानंही माझ्याकडं बघितलं. तो थांबला होता. मी काही म्हणेन म्हणून तो थांबला होता, हे मला आता पक्कं वाटतं. मला मोठं भाषण करायचं नव्हतं. मला एवढंच म्हणायचं होतं, की उलटं विचार. नारळावर भागवायचं का, असं विचार. तिनं व्हय म्हटलं असतं, पाच माणसांनी ऐकलं असतं, नवस तिच्याच तोंडानं फिरला असता. खोटंही झालं नसतं. गुरव तयार, नारळ तयार, तोंड तयार. प्रश्न तेवढा फिरवायचा होता. पण मी मुलाकडं बघितलं. तो हात जोडून डोळे मिटून उभा होता, लहानपणी परीक्षेला जाताना उभा राहायचा तसा. आणि मी गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी खारा नैवेद्य, म्हणजे मटणाचा. आमच्यात बोकडाच्या अंगावर पाणी शिंपडतात. त्यानं अंग झाडलं म्हणजे देवीनं घेतला. झाडेस्तोवर कापत नाहीत. आमचा बोकड झाडेना. हिनं त्याला उन्हाळ्यात रोज पाण्यानं धुतलेला, त्याला पाण्याचं काय. तो उभा राहिला आणि हिला शोधायला लागला. ही घरी होती. लोक ताटकळले. मागं दुसऱ्यांचे बोकड खोळंबले. भावानं "आई, घे, चूक पदरात घे" म्हणून गाऱ्हाणं घातलं. तेव्हाही मला वाटलं, आता म्हणावं, की देवी घेत नाही, सोडा त्याला. तेवढ्यात कोणीतरी तांब्या उपडा केला आणि पाणी कानात गेलं. कानात पाणी गेल्यावर कोण झाडणार नाही? त्यानं झाडलं. "घेतला, घेतला," असं झालं. मी मागं सरलो आणि पायऱ्या उतरून चालायला लागलो, एवढंच मला करता आलं.

संध्याकाळी मुलगा वाटीत रस्सा घेऊन तिच्याकडं गेला. प्रसाद आहे, एक चमचा घे आई, म्हणून. त्यानं चमचा ओठांजवळ नेला. तिनं तोंड फिरवलं. तो दुसऱ्या बाजूला गेला, तिनं परत फिरवलं. "व्हय, व्हय," म्हणत होती आणि तोंड फिरवत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मुलाच्या हातातला चमचा तिथंच राहिला. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि त्याला सगळं समजलं, मी आधी सांगितलेलं आणि न सांगितलेलंही. वाटी घेऊन तो बाहेर गेला. आम्ही दोघं त्यावर पुढं कधी बोललो नाही.

तिची वाचा आली नाही. श्रावणात ती गेली. शेवटचे महिने मी तिच्याजवळ बसायचो, तिचा डावा हात हातात धरायचो. ती काढून घ्यायची नाही, पण धरायचीही नाही. मी एकदा विचारलं, माझ्यावर राग हाय का? म्हणाली, व्हय. मग विचारलं, राग न्हाई नव्हं? तरी म्हणाली, व्हय. हात तेव्हा हलला नाही. हातानं काही सांगितलं असतं तर मला कळलं असतं.

दिवस घातल्यावर बाई भेटायला आल्या. त्या मधल्या काळात आजारी होत्या, त्यांना काही ठाऊक नव्हतं. अंगणात येताच त्यांनी विचारलं, बोकड कुठं आहे? मी सांगितलं. नुसतं कापला म्हणून नाही, सगळं सांगितलं. मला वाटलं, बाई काही बोलतील, त्यांनी बोलावं असंही वाटत होतं. त्या ओट्यावर टेकल्या. मग म्हणाल्या, चहा ठेवता का? मी काळा चहा केला. पहिल्यांदाच मीही तसलाच प्यालो. चव कसली नव्हती. जाताना म्हणाल्या, उसाचा हंगाम तोंडावर आलाय, आमच्यातला एक माणूस कमी आहे, बादल्या उचलायला या.

मी गेलो, ते काही दया आली म्हणून नाही. घरात बसवत नव्हतं. कारखान्याच्या रस्त्यावर चढाच्या अलीकडं आम्ही उभे राहायचो. बैलगाड्या आल्या की बैलांना पाणी, खांद्याला मलम. बाई आणि बाकीची शहरातली माणसं गोड बोलायची आणि गाडीवान ऐकून सोडून द्यायचे. मला गोड बोलता येत नाही. मी जू उचलून खालची जखम दाखवायचो आणि म्हणायचो, ह्या खांद्यावर तू एक घडा घेऊन दाखव. दोनदा मार खाता खाता वाचलो. एकदा बीडकडच्या एका गाडीवानानं सदरा खाली ओढला आणि स्वतःचा खांदा मला दाखवला. मोळी उचलून उचलून काळाठिक्कर पडलेला. म्हणाला, "बाबा, इथं बी लावा की थोडं." मी त्याच डबीतलं मलम त्यालाही लावलं. पुढं तो येताना गाडीतली उसाची वरची एक थप्पी कमी भरून यायचा आणि लांबूनच ओरडायचा, म्हाताऱ्या, आज शिव्या देऊ नगंस.

घरातही हळूहळू फरक पडला. मटण सुटलं, पण ते मी सोडलं असं म्हणता येत नाही, घशाखाली उतरेना. पराणी चुलीत घातली. म्हैस व्याली तेव्हा रेडा झाला. आमच्यात रेड्याला कोणी दूध सोडत नाही, चार दिवसांत मरू देतात आणि बोलतही नाहीत त्यावर. मी त्याला एक सड सोडायला लागलो. डेअरीवाला म्हणाला, आबा, दूध घटलं, म्हशीला काय झालं? म्हणालो, तिला काय न्हाई, मला झालंय. म्हैस मात्र मी विकली नाही, तिचं दूध काढतो आणि घालतो. बाईंना ते पटत नाही, मलाही पुरतं पटत नाही. पण पोट आहे.

दिवाळीच्या आधी सुनेला मुलगा झाला. चैत्रात त्याचं जावळ काढायचं ठरलं. आमच्यात पहिल्या पोराचं जावळ देवीपुढं काढतात आणि बोकड कापून भावकीला जेवण घालतात. त्याला नवस लागत नाही, ते असतंच. भावानं बोकड बघून ठेवला होता. मी मुलाला फोनवर सांगितलं, की यंदा पुरणपोळी करू. तो गावी आल्यावर दुसऱ्या दिवशी माझ्याजवळ येऊन बसला.

म्हणाला, "आबा, तुमी म्हणताय तर नारळ देऊ. माझं काय न्हाई. पण पोराला काय झालं तर?"

गेल्या हंगामभर मी लोकांना कारखान्याच्या रस्त्यावर अडवलं होतं, पण ह्याला अडवणं वेगळं होतं. काय होत नाही, असं मला म्हणता येत नव्हतं. पोरं आजारी पडतात, बोकड दिलेलीही पडतात. मी हेही म्हणू शकलो असतो, की तुझ्या आईला बोकड देऊन काय झालं? ते माझ्या तोंडावर आलं होतं. पण ते त्याला मारल्यासारखं झालं असतं.

मी म्हणालो, "झालं तर बापानं केलं म्हण. सगळ्यांच्या देखत म्हण. मी न्हाई म्हणणार न्हाई."

तो मग उठून भावाकडं गेला आणि बोकड नको म्हणून सांगून आला. तिथं काय झालं ते त्यानं मला सांगितलं नाही. जावळाला निम्मी भावकी आली नाही. भाऊ आला, पोराच्या डोक्यावर हात ठेवला आणि न जेवता गेला. अजून तो माझ्याशी बोलत नाही. समोरासमोर घरं, रोज सकाळी दोघंही दारात दात घासत उभे असतो. आलेल्यांतला एक जण पोळीवर तूप घेता घेता म्हणाला, आबा, पुढच्या वेळी आमालाबी मळ्यात चरायला सोडा. हसू आलं, वाईटही वाटलं.

बाईंना मी फोन केला तेव्हा त्यांना फार आनंद झाला. त्या म्हणाल्या, तुमच्या मंडळींना बरं वाटलं असतं. मी व्हय म्हणालो नाही. तिला बरं वाटायचं ते एका चैत्रात वाटायला हवं होतं, तो चैत्र गेला. जावळाचा बोकड वाचला त्याचं मला समाधान आहे. पण हा दुसरा बोकड. ह्याला मी ओळखतही नाही, कुणाच्या दावणीला गेला तेही माहीत नाही. जो माझ्या जागी उभा राहिला होता, जो तिच्या हाताखाली डोकं घालून उभा राहिला होता, त्याच्यासाठी मला एक वाक्य बोलता आलं नाही.

मुलगा कोइमतूरला परत गेला. सून आणि पोर पावसाळा संपेपर्यंत इथंच आहेत. पोर गोड आहे, रांगत गोठ्याकडं निघतं. पण मधून मधून त्याला ताप येतो, लहान पोरांना येतो तसा. ताप आला की सून मला वेळेवर भाकरी वाढते, पण वाढताना माझ्याकडं एकदा बघते. तिला काय म्हणू? तिनं तसं बघू नये असंही मला वाटत नाही. मी जेवण तसंच ठेवून उंबऱ्याबाहेर जाऊन बसतो. आतून पोराच्या कपाळावर ओलं फडकं ठेवल्याचा, ते पिळल्याचा आवाज येतो. कोणी बोलावत नाही तोवर आत जात नाही. ताप उतरला की सून दारात येते आणि म्हणते, उतरला. मग मी उठतो आणि म्हशीला पाणी दाखवायला जातो.